सायकलस्वाराची मार्गस्थिती

रहदारीच्या रस्त्यावर सायकल चालविताना स्वाराने रस्त्याच्या रुंदीत कोठे असावे, यासंबंधीचा विचार. रस्त्याच्या अगदी कडेने जाणे सर्वांत सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात स्वार इतरांना वेळीच दिसणे व त्याच्या हालचालीचा त्यांना अंदाज येणे, यांवर त्याची सुरक्षितता पुष्कळ अंशी अवलंबून असते.

भारतात वाहने डाव्या बाजूने चालतात. डाव्या कडेला गटारांच्या जाळ्या, खडी, वाळू इ. अडथळे असतात. ते चुकविण्यासाठी स्वार एकाएकी उजवीकडे वळल्यास मागील वाहनाची धडक बसण्याचा संभव असतो. म्हणून कडेपासून निदान अर्धा मीटर अंतर राखून सरळ रेषेत जावे. उभ्या मोटारगाडीचे दार अचानक उघडू शकते, तिच्यापासून सु. १ मी. दूर राहावे. चौकाजवळ व मंद रहदारीच्या अरुंद रस्त्यावर मार्गिकेच्या मध्यभागी येणे श्रेयस्कर ठरते. मात्र तत्पूर्वी मागे पाहून हाताने इशारा करावा. ब्रिटनच्या वाहतूक-नियमावलीत २०२२ साली झालेल्या सुधारणेत अशाच स्वरूपाचे मार्गदर्शन आहे.

डावीकडे वळणाऱ्या मालमोटारीची डावी बाजू विशेष घातक असते. तेथील स्वार चालकाला आरशात दिसेलच असे नाही. शिवाय वळताना मागील चाके पुढील चाकांच्या मार्गापेक्षा आतून जातात व मालमोटार आणि कड यांमधील जागा नाहीशी होते. त्या फटीत शिरण्याऐवजी मागे थांबणेच हिताचे.

वेगवान मार्गावर मध्यभागी राहणे धोक्याचे असते. स्वाराचा वेग ताशी २० किमी. व मागील मोटारीचा ८० किमी. असल्यास १०० मी.वरील मोटार ६ सेकंदांत त्याला गाठते. रात्री दिवा व परावर्तक नसल्यास चालकाला तेवढाही अवधी मिळत नाही.

सायकल हे वाहनच समजून ती इतर वाहनांच्या नियमांनुसार चालवावी, असे मत अमेरिकेत जॉन फॉरेस्टर यांनी १९७० नंतरच्या दशकात मांडले. याउलट नेदर्लंड्समध्ये वेगवान रस्त्यांलगत स्वतंत्र सायकलमार्ग बांधण्यावर भर देण्यात आला. स्वाराच्या दक्षतेने धोका कमी होतो. तथापि वेगातील मोठी तफावत केवळ दक्षतेने भरून निघत नाही, त्यासाठी रस्त्याची रचनाही अनुकूल असावी लागते.