दगडांखालची हिमनदी

गोमुखाला पहिल्यांदा पोहोचलेला माणूस हमखास विचारतो, ‘हिमनदी कुठे आहे?’ समोर पसरलेला असतो करड्या-तपकिरी दगडगोट्यांचा आणि मातीचा प्रचंड राडारोडा. कॅलेंडरवर पाहिलेला शुभ्र बर्फ दिसतो तो खूप वर, भागीरथी शिखरांच्या माथ्यावर. खाली मात्र मळकट, निळसर-काळी उभी भिंत, तिच्या बुडाशी गुहा आणि गुहेतून उसळत बाहेर पडणारं राखाडी पाणी. अनेकांचा हिरमोड होतो. फोटो काढून, बाटलीत पाणी भरून मंडळी तासाभरात माघारी फिरतात. याची मला फार हळहळ वाटते, कारण हिमालयातल्या हिमनद्या समजून घ्यायच्या असतील तर सुरुवात त्या राड्यारोड्यापासूनच करायला हवी.

गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. ७,१३८ मीटर उंचीच्या चौखंबा शिखराच्या परिसरातून ती निघते आणि गोमुखाशी, सुमारे ४,००० मीटरवर संपते. वाटेत तिला दोन्ही बाजूंनी लहान हिमनद्या मिळतात, निदान पूर्वी मिळत होत्या. गंगोत्रीच्या देवळापासून गोमुख १८ किलोमीटर. वाटेवर ९ किलोमीटरला चीडबासा, १४ किलोमीटरला भोजबासा. चढ तसा अंगावर येणारा नाही, पण उंचीमुळे दमवतो. बहुतेक जण भोजबासाला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे गोमुख गाठतात.

वर चौखंब्याच्या पायथ्याशी दरवर्षी पडणारा सगळा हिम वितळत नाही. उरलेल्यावर पुढच्या वर्षीचा थर बसतो, मग त्याच्या पुढच्या वर्षीचा. वजनाने खालचे थर दाबले जातात, कणांमधली हवा निघून जाते आणि भुसभुशीत हिमाचा घट्ट बर्फ होतो. थोडी हवा बुडबुड्यांच्या रूपात आतच कोंडलेली राहते. हा बर्फ पुरेसा जाड झाला की स्वतःच्या भाराने त्याचे स्फटिक आतल्या आत सरकू लागतात आणि अख्खा थर उताराकडे वाहायला लागतो. जिथे तळाशी पाणी असतं तिथे तो खडकावरून घसरतोही. वरच्या तीस-पन्नास मीटरांवर मात्र दाब कमी असल्याने तिथला बर्फ ठिसूळच राहतो. खालचा वाहतो आणि वरचा तडकतो, म्हणून हिमनदीला त्या खोल, जीवघेण्या भेगा पडतात. गंगोत्रीचा वेग वर्षाला काही डझन मीटर, मुखाशी त्याहूनही कमी. त्यामुळे अगदी वरच्या टोकाकडून निघालेला बर्फ गोमुखापर्यंत यायला कित्येक शतकं लागतात. गुहेतून निथळणाऱ्या पाण्यातला काही अंश शिवकाळाच्याही आधी पडलेल्या हिमाचा असणार. मी त्या पाण्यात हात घालतो तेव्हा हा हिशोब डोक्यात असतो आणि पाणी आणखीच थंड लागतं.

मग हे दगड कुठून आले? दोन्ही बाजूंचे कडे रात्री गोठतात, दिवसा उबतात. फटींत शिरलेलं पाणी गोठून फुगतं, खडक फोडतं आणि दगड हिमनदीवर कोसळतात. हिमकडे ढासळले की त्यांच्याबरोबरही दगड येतात. वर पडलेला दगड पुढच्या हिमाखाली गाडला जातो, बर्फाबरोबर आतून प्रवास करतो आणि खाली, जिथे साठण्यापेक्षा वितळणं जास्त, तिथे वरचा बर्फ उडून गेल्यावर पुन्हा उघडा पडतो. जितकं मुखाकडे यावं तितके दगड वाढत जातात ते यामुळे.

गोमुखाजवळ एखादा पांढुरका दगड जरा निरखून पाहा. गंगोत्री ग्रॅनाइट म्हणून भूशास्त्रात नावाजलेला हा खडक आहे. त्यात काळ्याभोर सुयांसारखे दिसतात ते टूर्मलीनचे स्फटिक, आणि दगड उन्हात फिरवला की चमचमतो तो अभ्रक. हिमालय घडताना जमिनीखाली खोलवर वितळलेल्या खडकापासून हा ग्रॅनाइट बनला. वय सव्वादोन कोटी वर्षांच्या आसपास. भागीरथी शिखरांच्या उभ्या भिंती त्याच्याच आहेत. एखाद्या दगडाच्या गुळगुळीत बाजूवर समांतर ओरखडे असतात. हिमनदीच्या तळाशी दगडावर दगड घासला गेल्याच्या त्या खुणा. त्याच घासण्यातून झालेलं बारीक पीठ पाण्यात तरंगत राहतं, म्हणून गुहेतून निघणारी भागीरथी नदी इथे राखाडी दिसते. ती मळलेली नाही. डोंगर दळून घेऊन चालली आहे.

या दगडांचा बर्फावर होणारा परिणाम दुहेरी आहे. थर अगदी पातळ, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा असेल तर गडद दगड ऊन शोषून घेतात, तापतात आणि खालचा बर्फ अधिकच वेगाने वितळतो. थर जाड झाला की उलटं होतं. मासळीबाजारात बर्फाच्या लादीवर भुसा टाकून ती जपतात, तसंच इथे दगड उन्हाला खाली पोचू देत नाहीत. गंगोत्रीच्या खालच्या टप्प्यावर जाड थराचं राज्य आहे. पण त्यात मध्येच उघडे बर्फकडे आणि हिरवट पाण्याची तळी असतात, आणि वितळण्याचा मोठा वाटा तिथेच घडतो. चालताना दगडांच्या घरंगळण्याचा आवाज सतत येत असतो, तो बहुधा अशाच एखाद्या कड्याचा.

हे कळलं की ‘गोमुख मागे सरकतंय’ या बातम्याही वेगळ्या नजरेने वाचता येतात. कॅप्टन जॉन हॉजसन १८१७ च्या मे अखेरीस इथे पोहोचला आणि त्याने मुखाचं वर्णन लिहून ठेवलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जॉन ऑडन यांनी १९३५ मध्ये मुखाचा नकाशा केला. त्यानंतरच्या सहा दशकांत मुख वर्षाला सरासरी १९-२० मीटर मागे गेलं. पुढे हा वेग काहीसा मंदावल्याचं मोजणीत दिसलं आणि लगेच ‘हिमनदी सावरली’ असं म्हणणारेही निघाले. मला हे पटत नाही. एवढी मोठी हिमनदी हवामानातल्या बदलाला उत्तर द्यायला कित्येक दशकं घेते. शिवाय मुखावर दगडांचा जाड थर असेल तर ते जागेवरच राहतं आणि मागचा सगळा देह खचत जातो.

हे खचणं बघायचं असेल तर तपोवनाच्या वाटेला लागावं. सुमारे ४,४५० मीटरवरच्या त्या कुरणावरून खाली पाहिलं की हिमनदीच्या कडेने गेलेला दगडमातीचा लांबच लांब बांध दिसतो. त्याला हिमोढ म्हणतात. बर्फ कधी काळी या बांधाच्या माथ्यापर्यंत होता. आज तो कितीतरी खाली आहे. रक्तवर्ण आणि चतुरंगी या एके काळी गंगोत्रीला मिळणाऱ्या हिमनद्याही आता तुटून वेगळ्या झाल्या आहेत. गढवाली वाटाडे त्यांना ‘बमक’ म्हणतात, आणि कुठला बमक आपल्या लहानपणी कुठवर होता हे बोट दाखवून सांगतात. त्यांच्याशी बोलायला वेळ ठेवा.

अतिशयोक्तीनेही या विषयाचं नुकसान केलं आहे. २०३५ पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या नाहीशा होतील, असं विधान आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या २००७ च्या अहवालात शिरलं होतं. ते निराधार निघालं आणि २०१० मध्ये मागे घ्यावं लागलं. हिमनदी आटली की गंगा आटली, हेही खरं नाही. वाराणसीला वाहणाऱ्या गंगेत पावसाचा वाटा फार मोठा आहे. वितळलेल्या बर्फाचं मोल जास्त जाणवतं ते वरच्या खोऱ्यांत आणि पावसाळ्याआधीच्या कोरड्या महिन्यांत. पण खरे आकडेही झोप उडवायला पुरेसे आहेत. हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांनी २०११ ते २०२० या दशकात त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने बर्फ गमावला, असं काठमांडूच्या आयसीमॉड संस्थेने २०२३ मध्ये मांडलं.

हे आकडे मिळवायला कोणाला तरी बर्फावर जावं लागतं. बांबूच्या काठ्या बर्फात भोक पाडून रोवायच्या, काही महिन्यांनी परत येऊन काठी किती उघडी पडली ते मोजायचं. हिमाचलात छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून अशी मोजणी चालू आहे. गोव्यात वास्कोला समुद्राकाठी असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने २०१६ मध्ये स्पितीत ४,००० मीटरच्या वर ‘हिमांश’ हे केंद्र उभारलं. तिथले संशोधक चंद्रा नदीच्या खोऱ्यातल्या हिमनद्या मोजतात.

प्रवाशांनी दोन गोष्टी जिवाच्या भीतीने पाळाव्यात. गुहेच्या तोंडाशी स्नानाला जाऊ नये. मुखावरचा बर्फ आणि त्यात रुतलेले दगड कधीही सुटतात, आणि ऊन चढेल तसे जास्तच. दुसरं, ओढे सकाळीच ओलांडावेत. दिवसभर वितळलेलं पाणी दुपारनंतर खाली पोचतं. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी मांडीपर्यंत येतो. हा भूभाग अजून स्थिरावलेला नाही. २०१७ च्या जुलैत जोरदार पावसानंतर मेरू हिमनदीकडून आलेल्या दगडमातीच्या लोंढ्याने गोमुखासमोरचा परिसरच बदलून टाकला. २०१३ च्या जूनमध्ये चोराबारी हिमनदीजवळचं तळं फुटून केदारनाथवर काय ओढवलं, ते सगळ्यांना माहीत आहे.

गोमुखाच्या वाटेवर दिवसाला १५० जणांनाच परवानगी मिळते. यावर कुरकुर करणाऱ्यांनी भोजबासाची उघडी माळरानं पाहावीत. तिथली भूर्जाची झाडं यात्रेकरूंच्या चुलींत गेली. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी १९९० च्या दशकात तिथे पुन्हा भूर्ज लावायला घेतले. इतक्या उंचीवर झाड वाढायला किती वेळ लागतो, हे ती खुरटी रोपं पाहिल्यावर कळतं.

परतीच्या वाटेवर हर्षिलजवळ झाला गावापाशी गाडी थांबवा. गंगोत्रीजवळ चिंचोळ्या घळीतून उड्या घेणारी भागीरथी इथे रुंद, सपाट दरीत पसरलेली दिसते. हजारो वर्षांपूर्वीच्या हिमयुगात गंगोत्री हिमनदी आजच्या गोमुखाच्या खाली सुमारे ४० किलोमीटर, इथपर्यंत पोचली होती. म्हणजे गोमुखापासून तुम्ही जितकं चालत आणि गाडीने आलात, तो सगळा रस्ता एके काळी बर्फाखाली होता. दरीच्या दोन्ही अंगांना मातीत रुतलेले मोठमोठे दगड शोधा. त्यांतले काही वरच्या खोऱ्यातून हिमनदीनेच इथवर आणून टाकले आहेत.