जाहिरात एजन्सीला ‘मी क्रिएटिव्ह आहे’ असं सांगू नका

हा भाग रेकॉर्ड केलाय धनजमधून. वाशीम जिल्हा, कारंजा तालुका, आमच्या घराची वरची खोली. ऑडिओत मधेमधे ट्रॅक्टर ऐकू येतो, वाचणाऱ्यांची तेवढी सुटका.

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. “दादा, मी इंजिनिअर आहे, पण मला जाहिराती लिहायच्यात. एजन्सीला मेल कसा करू?” मला विचारतात, कारण मी हा उद्योग तीनदा केलाय. दोनदा आपटलो, तिसऱ्यांदा दार उघडलं. तर आज तेच सांगतो, पहिल्यापासून.

पहिले दोन मेल

मी बीटेक, वय २८, पुण्यातल्या एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी एका एजन्सीला मेल टाकला. काय होतं त्यात? दोन पानी रेझ्युमे, जावा, एसक्यूएल, सीजीपीए आणि शेवटी एक ओळ: ‘मी अत्यंत क्रिएटिव्ह असून मला आव्हानं आवडतात.’ उत्तर आलं नाही. दुसऱ्या एजन्सीला कॉलेजच्या अंकात छापून आलेल्या कविता जोडल्या. तिथल्या एका सीनियर लेखिकेनं दोन ओळी लिहिल्या: लिहिता येतं हे दिसलं, विचार कसा करता ते दिसलं नाही.

आधी राग आला. मग आठवलं की आमच्या टीममध्ये माणूस घ्यायचा असतो तेव्हा मी तरी काय करतो? रेझ्युमे चाळतो आणि सरळ त्याचा कोड उघडतो. ‘मी उत्तम प्रोग्रामर आहे’ या वाक्यावर आजवर कुणाला घेतलंय का? मग जाहिरातवाल्यांनी माझ्या वाक्यावर का विश्वास ठेवावा?

आधी खुर्ची ठरवा

एजन्सीत सगळेच जाहिराती बनवत नाहीत. क्लायंटशी बोलणारे वेगळे, ग्राहकाचा अभ्यास करून दिशा ठरवणारे प्लॅनर वेगळे. क्रिएटिव्हमध्ये मुख्य खुर्च्या दोन. कॉपीरायटर शब्द बघतो, आर्ट डायरेक्टर चित्र बघतो. दोघं जोडीनं बसतात, कल्पना दोघांची असते. त्यांच्या वर क्रिएटिव्ह डायरेक्टर. मेलमध्ये ‘कोणतंही क्रिएटिव्ह काम चालेल’ असं लिहिलंत, तर समोरच्याला कळत नाही की तुम्हाला कुठे बसवायचं. एक खुर्ची निवडा.

आणि डिग्री आडवी येते का? आर्टच्या बाजूला शिक्षण दिसतंच. कवी अरुण कोलटकर जे. जे. मध्ये शिकले आणि मुंबईच्या जाहिरातविश्वात नावाजलेले आर्ट डायरेक्टर होते. र. कृ. जोशी उल्का एजन्सीत होते. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच, म्हणजे आपण इंजिनिअर लोकांनी त्यांचं काम वर्षानुवर्षं स्क्रीनवर वाचलंय. कॉपीच्या बाजूला मात्र वाटा कुठूनही येतात. पीयूष पांडे रणजी क्रिकेट खेळले, चहा चाखण्याची नोकरी केली आणि १९८२ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, ओगिल्व्हीत लागले. तेही क्लायंट सांभाळायच्या कामावर. लिहिण्याकडे नंतर वळले. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले. त्यांच्या टीमची फेविकॉलच्या डब्यातून दाणे खाणाऱ्या कोंबडीची जाहिरात पुन्हा बघा. तिचं अंडं काही केल्या फुटत नाही. डिंकाचा एकही गुण कुणी तोंडानं सांगत नाही, तरी सगळं कळतं.

पोर्टफोलिओत काय ठेवायचं

खरं काम नसेल तर स्वतःच तयार करा. फक्त ‘सरावासाठी केलेलं’ असं स्पष्ट लिहा. तीन-चार मोहिमा पुरतात. प्रत्येकीत आधी अडचण एका वाक्यात, मग कल्पना, मग ती दोन-तीन ठिकाणी कशी दिसेल. चित्र येत नसेल तर पेनानं रेघोट्या मारा, चालतं.

विषय कुठून आणायचा? मी आधी शूज आणि कोल्ड्रिंकच्या जाहिराती लिहिल्या होत्या. तशा सगळेच लिहितात. मग घरचं आठवलं. २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारींचा ढीग लागला होता. आमच्याही चार एकरांत दुबार पेरणी झाली. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा, काही दिवसांनी मोजा, ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. पण पेरणीच्या घाईत हे राहून जातं.

माझी कल्पना अशी: पेपरातली अर्ध्या पानाची जाहिरात, तिच्यावर फक्त शंभर गोल. कापायची, भिजवायची, एकेका गोलात एकेक दाणा ठेवून गुंडाळी करायची. वर एक ओळ: ‘आधी शंभर पेरा, मग शिवार.’ म्हणजे जी जाहिरात वाचायची, तिच्यातच बियाणं तपासायचं.

कारंज्याहून प्रिंट काढून आणली आणि बाबांना दिली. त्यांनी ती खरंच भिजवली. पाचव्या दिवशी उघडली तर शाई पसरून गोल गायब आणि दाणे सगळे एका बाजूला. बाबा म्हणाले, “घडी घालाची होती ना बापा, मंग घसरते कायले?” दुसऱ्या वेळी गोलांच्या जागी घड्यांच्या रेषा घेतल्या. दहा घड्या, प्रत्येकीत दहा दाणे. तो फसलेला फोटोही पोर्टफोलिओत ठेवला. मुलाखतीतला निम्मा वेळ त्याच फोटोवर बोलणं झालं. बग सापडला, मग काय केलंत, हे त्यांनाही ऐकायचं असतं.

दुसरी गोष्ट भाषेची. पुष्कळ मोहिमा हिंदी-इंग्रजीत सुचतात आणि मग मराठीत ओढून आणल्या जातात. ते आपल्याला ऐकताना खटकतं. म्हणून मी टीव्हीवरच्या तीन जाहिराती घेतल्या आणि त्या मुळातच मराठीत, त्यातली एक वऱ्हाडीत, सुचल्या असत्या तर कशा असत्या ते लिहिलं. तुमच्या गावची बोली ही तुमची जमेची बाजू आहे. ती लपवू नका.

मेल आणि टेस्ट

मेल दहा ओळींच्या आत. ‘टू हूम’ वगैरे नको, त्या टीमच्या क्रिएटिव्ह डायरेक्टरच्या नावानं लिहा. त्यांच्या एका कामाबद्दल खरोखर जाणवलेली गोष्ट, तुम्ही कोण ते एका वाक्यात, कोणती खुर्ची हवी आणि मोबाईलवर चटकन उघडणारी लिंक. भलीमोठी फाईल जोडू नका. दहा-पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा. त्यानंतर गप्प बसा.

उत्तर आलं तर बहुतेक वेळा कॉपी टेस्ट येते. माझ्या टेस्टमध्ये ‘भर पावसाळ्यात माठ विका’ असा एक प्रश्न होता आणि ‘आजीला विमा म्हणजे काय ते शंभर शब्दांत सांगा’ असा दुसरा. बरोबर उत्तर नसतंच. पहिलं सुचलेलं फेका, ते सगळ्यांनाच सुचतं. मी माठावर वीस ओळी लिहिल्या, पाठवल्या तीन. मात्र टेस्टच्या नावाखाली चालू क्लायंटची अख्खी मोहीम फुकट मागितली, तर मोबदल्याचं नम्रपणे विचारा. विचारल्यावर जे नाराज होतात त्यांच्याकडे पुढेही तेच होईल.

आता पैशाचं

हे न सांगता भाग संपवला तर फसवणूक होईल. तिसऱ्या मेलनंतर मला ट्रेनी कॉपीरायटरची ऑफर आली. पगार आत्ताच्या निम्म्याहून कमी. घरी सांगितलं तर बाबांचा पहिला प्रश्न, “जाहिराती लिवाचे पैसे भेटते काय बापा?” दुसरा प्रश्न बहिणीच्या फीचा होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मी नाही म्हटलं, पण दार आपटलं नाही. मराठी कॉपीचं काम शनिवार-रविवारी देता का, असं विचारलं. अर्थात त्याआधी माझ्या कंपनीच्या करारात बाहेरचं काम चालतं का ते पाहिलं आणि लेखी परवानगी घेतली. तुम्हीही घ्या. आता महिन्याला दोन-तीन कामं येतात. बहिणीचं शेवटचं वर्ष पुढच्या मे महिन्यात संपतंय. तेव्हा पुन्हा त्याच क्रिएटिव्ह डायरेक्टरना मेल करणार आहे, आणि तोवर पोर्टफोलिओत छापून आलेलं थोडं खरं काम असेल.

तुम्ही या रविवारी एक करा. तुमच्या घरातली, गल्लीतली अशी एक अडचण शोधा जी मुंबईत बसलेल्या माणसाला दिसणारच नाही, आणि ती एका वाक्यात लिहा. जमलं तर मला पाठवा, पुढच्या भागात दोन-तीन वाचून दाखवतो. भेटूया!