घ्या, परत अडकला!

रविवारची दुपार, पोटात आमरस, पंखा पाचवर. टीव्हीवर हिरोने एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारली आणि तो मध्येच लटकला. पलीकडे पोचायला त्याला नऊ सेकंद लागली. घरातलं निदान तयारच असतं : "नेट स्लो आहे."

नेटचा बिचाऱ्याचा इथे संबंधच नाही. सिनेमा आतल्या खोलीतल्या हार्ड डिस्कवर, टीव्ही हॉलमध्ये. बाहेरून येणारी वायर उपटून टाकली तरी तो तितकाच चालेल आणि तितकाच अडेल. चोर घरातलाच आहे. त्याला पकडायचं तर सिनेमा नेमका कधी अडकतो ते बघायचं. प्रत्येक बिघाडाची नाडी वेगळी चालते.

गप्पांत सुरळीत, मारामारीत ठप्प

म्हणजे वाट अरुंद आहे. दोन तासांची ६० जीबीची फाईल घ्या. भागाकार केला तर सेकंदाला सरासरी ६७ मेगाबिट. (फाईल मोजतात बाइटमध्ये, वाट मोजतात बिटमध्ये, आणि ८ बिटांचा एक बाइट. अर्धे घोटाळे या आठाच्या पाढ्यात होतात.) टीव्हीचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचं. मग अडतंय कुठे?

अडतंय 'सरासरी'पाशी. वर्षाच्या सरासरीने मुंबईत रोज सहा-सात मिलिमीटरच पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. गटारं सरासरीवर तुंबत नाहीत. सिनेमाचंही तसंच. फोर-के ब्लू-रे डिस्कला सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत मजल मारायची मुभा आहे आणि १०० च्या पोर्टातून प्रत्यक्षात बाहेर पडतात साधारण ९४.

आता खरी गंमत. लाख-दीड लाखाच्या टीव्हीलाही बहुतेकदा हे १०० चंच पोर्ट असतं. कंपन्यांचा हिशेब सरळ आहे : नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ मेगाबिट मागतं, मग जास्त खर्च कशाला? त्यामुळे राउटर त्याच खोलीत असेल तर वायर काढून ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर गेलं की सिनेमा सुधारतो. 'वायर ती वायर' म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांना हे पचवायला जड जातं, पण आहे असं.

गुलालाचा भाव

व्हिडिओ आकसताना मागच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच मुख्यतः लिहून ठेवतात. बातम्या सांगणारी बाई स्वस्तात पडते. ओठ हलले, बाकी सगळं कालचंच. महाग पडतो तो विसर्जनाच्या मिरवणुकीतला गुलाल. प्रत्येक कण वेगळ्या दिशेला, पुढच्या फ्रेमला मागच्या फ्रेमचा काडीचा आधार नाही. पाऊस, धबधबा, पक्ष्यांचा थवा, जुन्या फिल्मवरची रवाळ खरखर, ही सगळी त्याच जातीची गिऱ्हाइकं.

घरचं नेटवर्क तपासायला हौशी मंडळी जेलीफिशच्या छोट्या क्लिप वापरतात. जेलीफिश त्याच, निळं पाणी तेच. फक्त ३ मेगाबिटपासून ४०० मेगाबिटपर्यंत चढत्या भाजणीने. ज्या पायरीवर जेलीफिश अडखळली, ती तुमच्या घराची मर्यादा.

दर ४१ सेकंदांनी एक उचकी

हा माझा सर्वांत लाडका आजार. नेटवर्क ठणठणीत, डिस्क ठणठणीत, तरी अगदी घड्याळ लावल्यासारखा पाऊण मिनिटाच्या आतबाहेर एक बारीकसा हिसका. याचं मूळ १९५३ सालच्या अमेरिकेत आहे. काळ्यापांढऱ्या टीव्हीत रंग घुसवताना रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर जाळी दिसेल, अशी भीती होती. उपाय म्हणून चित्रांचा वेग सेकंदाला ३० वरून २९.९७ केला. त्या हिशेबात बसायला सिनेमाचे २४ झाले २३.९७६. टीव्ही बदलले, काचेच्या नळ्या गेल्या, हा अपूर्णांक मात्र चिकटून राहिला.

आता प्लेअरने २३.९७६ ऐवजी नेमके २४ पाठवले की तूट साठत जाते आणि दर ४१.७ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. हीच उचकी. २०११ साली आलेल्या इंटेलच्या सँडी ब्रिज चिपची त्यावरून सिनेमावेड्यांत बरीच बदनामी झाली. तेव्हा राउटर बदलण्याआधी प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट फाईलशी जुळवून घेण्याची सोय चालू करा. फुकटचं औषध आहे.

आपल्याकडे १९८२ ला रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा, सेकंदाला २५ चित्रांचा. तिथे २४ चा सिनेमा सर्रास २५ ने पळवायचे. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपायचा आणि काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या दिशेने सरकायचं. अडखळणं नाही, पण सूर चढा.

चहाच्या वेळी अडकतो

स्वयंपाकघराकडे बघा. मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर, जुनं वाय-फायही त्याच गल्लीत. ओव्हनमधून झिरपणारी लहर माणसाला काही करत नाही, पण वाय-फायच्या कुजबुजीपुढे ती ढोलताशा असते. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून विचित्र संकेत मिळत होते. २०१५ मध्ये उलगडा झाला : वेधशाळेतच कुणीतरी अन्न गरम होण्याआधी ओव्हनचं दार उघडत होतं. (नारायणगावजवळ खोडदची दुर्बीण पाहायला गेलात तर मोबाईल बंद करायला सांगतात, ते उगीच नाही.)

दुसरा घरभेदी ओळखू येत नाही. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क राउटरला खेटून ठेवली तर तिच्या वायरीतला गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. इंटेलनेच २०१२ मध्ये हे मोजून लिहून ठेवलंय. डिस्क हातभर लांब सरकवा.

सबटायटल लावली की संपलं

ब्लू-रेची सबटायटल म्हणजे अक्षरं नसतातच, ती चित्रं असतात. टीव्हीला ती लावता आली नाहीत, तर आतल्या खोलीतून सिनेमा पुरवणारा मीडिया सर्व्हर प्रत्येक फ्रेमवर ती चिकटवतो आणि अख्खा सिनेमा नव्याने आकसत बसतो, तोही तुम्ही बघत असताना. दोन ओळींसाठी प्रोसेसरला धाप लागते. साध्या अक्षरांची फाईल दिली की तो बहुधा मोकळा होतो.

फक्त सुरुवातीला अडतो

डिस्क झोपली होती. उठायला काही सेकंद लागणारच, आपल्यालाही लागतात.

केव्हाही, कसाही

वायर. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. उरलेल्या चारांतली एक तार सैल झाली की जोडणी बहुधा तुटत नाही, गुपचूप १०० वर उतरते. पोर्टावरचा दिवा लुकलुकत राहतो, आपण निर्धास्त.

माइक म्यूस याने डिसेंबर १९८३ मध्ये 'पिंग' हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीच्या सोनारसारखा तो समोरच्या यंत्राला हाक मारतो आणि ओ येते का बघतो. म्यूसनेच सांगितलेला किस्सा : एका नेटवर्क सांभाळणाऱ्याने पिंगचं प्रत्येक उत्तर कॉम्प्युटरला मोठ्याने बोलायला लावलं, आवाज ऑफिसच्या स्टिरिओवर सोडला आणि इमारतभर हिंडत एकेक कनेक्टर हलवत सुटला. "पिंग, पिंग, पिंग..." जिथे थांबलं, तिथे चोर.

जाता जाता : एका कॉम्प्युटरमधली फाईल दुसरीकडे उघडायला बहुतेक घरगुती मीडिया बॉक्समध्ये 'सांबा' असतो. नाच नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेलला आपल्या प्रोग्रामसाठी एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारं नाव हवं होतं. त्याने कॉम्प्युटरवरच्या शब्दकोशात शोध घेतला, त्यातून हा शब्द निघाला.

अकरा नंबरची बस

सगळं करून थकलात तर ६० जीबीची फाईल पेन ड्राइव्हवर घ्या आणि आतल्या खोलीतून हॉलमध्ये चालत या. वीस सेकंद लागली तर वेग पडतो सेकंदाला २४ गिगाबिट. (कॉपी व्हायला लागलेला वेळ सोयीस्करपणे विसरा.) ड्राइव्ह टीव्हीला खोचा, रिमोट हातात घ्या.

फक्त तो जुन्या फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला नाही ना, ते आधी बघा. नाहीतर ४ जीबीहून मोठी फाईल तो घेतच नाही, आणि हिरो तिकडे अजून दोन गच्च्यांच्या मध्ये आहे.