झोपेत दात खाणे

रात्री दीड-दोनचा सुमार. घरात निजानीज झालेली असते आणि शेजारच्या अंथरुणातून एकाएकी करकर असा आवाज येऊ लागतो. दगडावर दगड घासावा तसा. ऐकणाऱ्याच्या अंगावर शहारा येतो. आवाज करणाऱ्याला मात्र त्याचा पत्ताही नसतो. सकाळी आजी सांगते, "तू रात्री दात खात होतास," आणि नातू ते साफ नाकबूल करतो. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात.

रागाने बेभान झालेला मनुष्य दातओठ खातो, असे आपण म्हणतो. त्यामुळेच की काय, झोपेत दात खाणाऱ्याच्या मनात कुणाविषयी तरी राग असावा, असा तर्क केला जातो. मुलांच्या बाबतीत दुसरा समज अधिक रूढ आहे: पोटात जंत झाले की मूल दात खाते. या दोन्ही गोष्टींचा संबंध पक्केपणाने सिद्ध झालेला नाही. दरवर्षी १० फेब्रुवारीच्या सुमारास शाळांतून व अंगणवाड्यांतून जंतांची गोळी दिली जाते. ती मुलांना अवश्य द्यावी, कारण जंतांमुळे मूल रोडावते व फिके पडते. तिने रात्रीची करकर थांबेल, अशी आशा मात्र धरू नये.

या विकाराला वैद्यकात 'ब्रक्सिझम' असे नाव आहे. प्रौढांपैकी सुमारे ८ टक्के लोकांत तो आढळतो. लहान मुलांत याहून अधिक, वृद्धांत बराच कमी. पुष्कळ वर्षे दंतवैद्यांची अशी समजूत होती की, वरचे व खालचे दात नीट जुळत नसले म्हणजे मनुष्य ते घासू लागतो. मग टोचणारे उंचवटे कानशीने घासून सपाट करण्याचा उपाय होई. पुढे झोपलेल्या माणसाच्या मेंदूची, हृदयाची आणि जबड्याच्या स्नायूंची एकाच वेळी नोंद घेणे शक्य झाले, तेव्हा निराळाच क्रम दिसून आला. झोप काही क्षण उथळ होते, हृदयाचे ठोके वाढतात, मग जबड्याचे स्नायू आवळले जातात आणि दात एकमेकांवर घासतात. या साखळीत दातांचा क्रमांक शेवटचा! तेव्हा केवळ या कारणासाठी कुणी आपले निरोगी दात घासून कमी करू म्हणाला, तर आपण दुसऱ्या दंतवैद्याचे मत घेतल्यावाचून संमती देऊ नये.

झोप अशी वारंवार उथळ का होते, हा खरा प्रश्न होय. चिंता हे एक कारण. रात्री उशिरा घेतलेला चहा-कॉफी, तंबाखू, मद्य आणि मनाच्या विकारांवरील काही औषधे यांचाही हात असतो. (औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.) काही कुटुंबांत ही खोड पिढ्यान्‌पिढ्या दिसते. मनुष्य मोठ्याने घोरत असेल, मध्येच त्याचा श्वास अडकत असेल आणि दिवसा त्याला पेंग येत असेल, तर दंतवैद्याच्या आधी झोपेच्या विकारांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जावे.

दिवसा दात आवळून धरणे ही वेगळी गोष्ट. ती बिनआवाजाची असते. आपण हा मजकूर वाचीत आहात, या क्षणी आपले वरचे व खालचे दात एकमेकांना टेकले आहेत काय? ते टेकलेले असता कामा नयेत. ओठ मिटलेले आणि दातांत दोन-तीन मिलिमीटरची फट, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती होय. घास चावताना आणि गिळताना दात जुळतात तेवढाच वेळ मोजला, तर तो दिवसाकाठी अर्धा तासही भरत नाही. सुईत दोरा ओवताना, हिशेब जुळविताना, गर्दीतून वाहन हाकताना मात्र कित्येकजण नकळत दाढा आवळून बसतात. करोनाच्या साथीच्या काळात, २०२१ साली, अमेरिकेतील दंतवैद्यांच्या एका पाहणीत ७० टक्क्यांहून अधिकांनी अशा रोग्यांची संख्या वाढल्याचे सांगितले.

दातांवरचे एनॅमलचे कवच हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. परंतु एकदा झिजले की ते पुन्हा येत नाही. आतला पिवळसर थर उघडा पडतो आणि गार पाण्याची कळ मस्तकापर्यंत जाते. दाढेत भरलेले सिमेंट निखळते, टोपी फुटते, क्वचित दाढच उभी चिरते. सकाळी उठताच कानशिले दुखणे, जबडा आखडणे, जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटणे, या खुणा घरच्या आरशापुढेही ओळखता येतात.

रात्रीसाठी दंतवैद्य तोंडाचे माप घेऊन कठीण अ‍ॅक्रिलिकची पट्टी करून देतात. तिला 'नाइट गार्ड' म्हणतात. ती खोड मोडीत नाही. झीज दातांऐवजी स्वतःवर घेते. म्हणून ती दर रात्री लावावी, सकाळी गार पाण्याने धुवावी आणि झिजली की बदलावी. दिवसाच्या आवळण्यावर याहून स्वस्त उपाय आहे. मेजावर, आरशावर, शिवणयंत्रावर एकेक लाल टिकली चिकटवा. ती दिसली की दात सैल सोडा, खांदे खाली घ्या आणि एक दीर्घ श्वास सोडा.

मुलांना सहसा पट्टी देत नाहीत, कारण त्यांचे जबडे वाढत असतात. दुधाचे दात पडून कायमचे दात येता येता बहुतेक मुलांची ही खोड आपोआप जाते. तोवर त्यांना झोपेतून हलवून उठवू नये, की सकाळी चारचौघांत त्यावरून चिडवू नये. मूल घोरत असेल किंवा तोंड उघडे टाकून झोपत असेल, तर मात्र घशातील गाठी एकदा तपासून घ्याव्यात.