ट्रॅक्टरचा सायलेन्सर : हंगामाआधी घरच्या घरी बदला



गळीत हंगाम जवळ आला की आपण ट्रॉलीचे टायर बघतो, हूक बघतो, ब्रेक आवळून घेतो. मात्र बॉनेटमधून वर आलेल्या त्या गंजक्या नळकांड्याकडे सहसा कोणी बघत नाही. "आवाज करतोय, पण चालतोय ना?" एवढ्यावर विषय संपतो. ऊस वाहणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हे म्हणणे आम्हांस धोक्याचे वाटते. म्हणून यंदा बेणे-खताचा विषय बाजूला ठेवून सायलेन्सरविषयी चार गोष्टी सांगत आहोत.

फुटक्या सायलेन्सरचे तीन धोके

पहिला धोका आगीचा. भरल्या ट्रॉल्या ओढताना इंजिनातून निघणारा वायू चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापतो. त्यातून काजळीच्या पेटत्या ठिणग्याही येतात. सायलेन्सर धड असेल तर त्यातल्या बऱ्याचशा आतल्या पडद्यांवर आपटून विझतात. तो फुटला की त्या थेट बाहेर पडतात, आणि ट्रॅक्टर तर फडात वाळल्या पाचटावर उभा असतो. उभा ऊस जळाला तर काय होते, हे सांगायला नको. तोड घाईने घ्यावी लागते, वजन घटते, उतारा घसरतो. आणि शेजाऱ्याचा फड जळाला तर गावात तोंड दाखवायची चोरी.

दुसरा धोका धुराचा. मॅनिफोल्डचा जोड गळू लागला की धूर वर न जाता ड्रायव्हरच्या तोंडावर येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते आणि माणसाला वाटते की जागरणामुळे होत असेल. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवले तर तो जीवही घेतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे.

तिसरा धोका कानांचा. दिवसरात्र त्या आवाजात बसणाऱ्याला हळूहळू कमी ऐकू येऊ लागते, आणि गेलेले कान परत येत नाहीत. काही तरुण मंडळी हौसेने सायलेन्सर काढून सरळ पाइप बसवतात. त्याने ओढ वाढते हा निव्वळ गैरसमज आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे शेतीच्या ट्रॅक्टरलाही सायलेन्सर असणे बंधनकारक आहे.

आधी दुखणे ओळखा

इंजिन गार असताना बॉनेट उघडून बघा. जिथे काळी काजळी उमटली आहे, तिथे गळती. ती सायलेन्सर आणि मॅनिफोल्ड यांच्या जोडावर असेल तर तेवढा गॅस्केट बदलून भागते. नळकांडे बोटाने दाबून चुरत असेल तर सायलेन्सरच नवा हवा. काजळी मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामध्ये असेल तर मॅनिफोल्ड उतरवावा लागेल. नवा माल घेताना जुना नमुना सोबत न्या. पाइप बारीक घेतला तर धूर कोंडतो आणि इंजिन तापते.

खोलकाम

या कामात सगळी गंमत गंजलेल्या नटांची. घाई करणाऱ्याच्या हातात तुटका स्टड येतो. म्हणून आदल्या संध्याकाळी गार इंजिनावर वायर ब्रशने आटे साफ करून घासलेट किंवा डिझेल सोडा आणि रात्रभर भिजू द्या. सकाळी पुन्हा सोडा, हातोडीने नटावर हलके ठोके द्या. आता ट्रॅक्टर सपाटीवर घ्या, चाकाला दगड लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. पाना रिंगचा किंवा बॉक्सचा वापरा. उघड्या तोंडाच्या पान्याने नटाच्या कडा गोल होतात. नट आधी किंचित आवळून बघा, मग ढिला करा. पाव आटा पुढे, पाव आटा मागे, असे खेळवत काढा. गॅस लावून नट लाल करण्याचा प्रयोग घरी नको, कारण डिझेलची टाकी आणि नळ्या जवळच असतात.

मॅनिफोल्ड उतरवायचा असेल तर नट दोन्ही टोकांकडून मधल्या बाजूला ढिले करत या. हेडच्या भोकांत स्वच्छ फडकी कोंबा, म्हणजे गंजाचा तुकडा आत पडणार नाही. फडकी मोजून घाला आणि मोजून काढा.

जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. म्हणून तो कोरडा खरवडू नका, पाण्याने भिजवून काढा आणि हवेने फुंकू नका.

बसवणे

दोन्ही बाजू साफ झाल्या की मॅनिफोल्डवर पोलादी पट्टी उभी धरून बघा. खालून उजेड दिसला तर तो वाकला आहे. लेथवाल्याकडून फेसिंग करून घ्या, नाहीतर नवा गॅस्केटही टिकणार नाही. गॅस्केट पुठ्ठ्याचा कापून लावू नका, तो पहिल्याच खेपेला जळेल. स्टडला ग्रॅफाइट ग्रीस लावा. जमल्यास पितळी नट घ्या, ते गंजून धरत नाहीत. आवळताना उलटा क्रम : मधून टोकांकडे, एकदम नव्हे, दोन-तीन फेऱ्यांत.

वरचे झाकण विसरू नका. झाकण नसले तर वळवाचे पाणी पाइपातून उघड्या व्हॉल्व्हवाटे सिलिंडरमध्ये उतरते. मग सेल मारला की इंजिन अडकते. पाच-पन्नास रुपयांच्या झाकणापायी इंजिन उतरवायची पाळी येऊ नये.

चाचणी

सांडलेले तेल पुसून, ट्रॅक्टर उघड्यावर घेऊन इंजिन सुरू करा. जोड गार आहे तोवरच साबणाचे पाणी लावा. पंक्चर बघताना येतात तसे बुडबुडे आले तर गळती आहे. हाताने चाचपू नका. पंधरा मिनिटे चालवून बंद करा आणि पूर्ण गार झाल्यावर नट पुन्हा आवळा. एक-दोन दिवसांच्या कामानंतर आणखी एकदा बघा, कारण तापून-निवून नवा गॅस्केट बसतो आणि नट ढिले पडतात.

कुठे थांबायचे?

स्टड हेडमध्ये तुटला तर पुढे हात घालू नका. तो मिस्त्रीचाच विषय. तसेच १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आहेत. त्यांच्या धुराड्यात धूर गाळणारी यंत्रणा आणि सेन्सर असू शकतात. त्याला घरी पाना लावू नये.

बाकी जुन्या ट्रॅक्टरचे हे काम एका माणसाचे एका दिवसाचे आहे. ड्रायव्हरला सोबत घेऊन करा, म्हणजे त्यालाही जोड ओळखता येईल. आणि हंगाम चालू झाल्यावर रोज एक काम त्याच्याकडून अवश्य करून घ्या : फडात जाण्यापूर्वी, इंजिन गार असताना, मॅनिफोल्डवर साचलेले पाचट आणि भुसा झाडून काढणे. त्याला पैसा लागत नाही, पण त्यावर आपला आणि शेजाऱ्याचा ऊस अवलंबून आहे.

सर्व वाहनमालक सभासदांनी मोळी टाकण्यापूर्वी हे काम उरकून घ्यावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी