गोळा फेकायचा नसतो

गोळाफेक या नावातली ‘फेक’ नवशिक्याला पहिल्याच दिवशी चकवते. चेंडूसारखा गोळा फेकत नाहीत. तो मानेजवळून ढकलतात. नियमही तसाच आहे. सुरुवातीला गोळा मानेला किंवा हनुवटीला टेकलेला, निदान अगदी जवळ असावा लागतो. ढकलताना हात त्या जागेपेक्षा खाली येता कामा नये, गोळा खांद्याच्या रेषेमागे जाता कामा नये आणि हात एकच वापरायचा. चौदा-पंधरा वर्षांच्या खांद्याला या नियमाइतकं चांगलं संरक्षण दुसरं नाही. क्रिकेटवर वाढलेल्या मुलाचा हात सवयीने मागे जातो, कोपर खाली पडतं आणि लोखंडाचा सगळा ताण खांद्यावर व कोपराच्या आतल्या बाजूवर येतो. पहिले काही दिवस शिक्षकाचं मुख्य काम ही सवय मोडण्याचंच असतं.

दुसरा प्रश्न वजनाचा. वरिष्ठ पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, म्हणजे जुन्या मापाने १६ पौंडांचा. महिलांचा ४ किलोचा. १८ वर्षांखालील आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मुलांना ५ आणि मुलींना ३ किलोचा गोळा असतो. शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत मात्र बरेचदा एकच गंजलेला गोळा सापडतो आणि सहावीपासून दहावीपर्यंत सगळे तोच उचलतात. ही सोय फार महागात पडते. गोळा झेपेनासा झाला की मूल कंबरेतून मागे वाकतं, कोपर पाडतं आणि चुकीचं तंत्र पक्कं होतं. त्यापेक्षा सुरुवात मेडिसिन बॉल दोन्ही हातांनी छातीपासून ढकलण्याने करावी. उभ्या जागेवरून सलग आठ-दहा वेळा कोपर न पाडता जो ढकलता येतो, तो त्या मुलाचा गोळा.

गोळा तळहातावर बसवायचा नाही. मधल्या तीन बोटांच्या मुळाशी तो टेकतो. अंगठा आणि करंगळी फक्त बाजूंनी सावरतात. मग तो जबड्याखाली, कॉलरबोनच्या वर मानेला दाबून धरायचा आणि कोपर बाजूला उचललेलं ठेवायचं. गोळ्याला मैदानाची माती लागलेली असतेच, तिचा इथे उपयोग होतो: सराव संपल्यावर मान मळलेली आणि तळहाताचा मध्य स्वच्छ असेल तर पकड बरोबर आहे. तळहातही तितकाच मळला असेल तर मनगट लवकरच दुखणार.

जोर दंडातून येतो, हा सर्वांत चिवट गैरसमज. तो पायातून येतो. उजव्या हाताचा खेळाडू उजवा गुडघा वाकवून शरीराचा भार त्या पायावर घेतो, छाती मागच्या दिशेला वळवतो आणि डावा पाय वर्तुळाच्या पुढच्या कडेवरच्या फळीजवळ ठेवतो. आधी उजवी टाच वळते, तिच्यामागून गुडघा, कंबर, छाती आणि अगदी शेवटी हात. डावी बाजू दाराच्या चौकटीसारखी घट्ट उभी राहिली तरच उजवी बाजू दारासारखी तिच्याभोवती फिरते. घाईत हात आधी सुटला की पायाचा जोर वाया जातो. गोळा सुटण्याचा कोन ४५ अंशांचा असावा असं पुस्तकी गणित सांगतं, पण गोळा जमिनीवरून नव्हे, डोक्याच्या उंचीवरून सुटतो आणि वर ढकलताना वेगही घटतो. म्हणून प्रत्यक्षातला कोन ४५ पेक्षा बराच कमी असतो. मुलांना अंश सांगण्यापेक्षा समोर दोन खांबांना उंच दोरी बांधून तिच्यावरून गोळा काढायला सांगितलेलं बरं.

हे उभ्याने जमलं की सरकतं पाऊल, म्हणजे ग्लाइड. फेकीच्या दिशेकडे पाठ करून वर्तुळाच्या मागच्या टोकापासून सरकत येण्याची ही रीत अमेरिकेच्या पॅरी ओब्रायनने रूढ केली. १९५२ आणि १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकलं. गोल फिरून ढकलण्याची रीत नंतरची. तिनेच रायन क्राउझरने २०२३ मध्ये २३.५६ मीटरचा विक्रम केला. असे व्हिडिओ बघून मुलं थेट गिरक्या घेऊ लागतात, पण २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात तोल सांभाळत फिरणं हे पुढच्या इयत्तेचं काम आहे.

मैदानाची शिस्त थोडक्यात सांगता येते, पाळायला अवघड. ढकलणाऱ्याशिवाय सगळे फक्कीच्या रेषेमागे, त्याच्या पाठीकडे. गोळा पडण्याच्या पट्ट्यात कोणी नाही, हे पाहूनच शिट्टी. सर्वांचे गोळे पडल्यावर दुसरी शिट्टी, मग चालत जाऊन आणायचे. परत येताना गोळा हातात. फेकून किंवा घरंगळत परत पाठवायचा नाही, कारण पाठमोऱ्या मुलाच्या घोट्यापर्यंत तो आवाज न करता पोचतो. पावसाळ्यात गोळा दरवेळी कोरडा पुसायचा आणि वर्तुळ ओलं असेल तर सरकणं बंद, फक्त उभ्याने. एका दिवसाला पंधरा-वीस चांगल्या फेकी नवशिक्याला पुरतात. मनगटात किंवा कोपराच्या आतून कळ आली, तर उरलेल्या फेकी त्या दिवशी सोडून द्यायच्या.