किल्ली न दिलेलं घड्याळ

18 जानेवारी 1982ला मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होतो. माझे वडील, आण्णा, गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात होते. पहिले काही महिने ते हुरूपाने सभांना जात. नंतर लालबागच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत कठड्याला टेकून नुसते बसू लागले. दुपारी "जेवलात का?" विचारलं, तर आठवायला वेळ लागे. रोज सकाळी न चुकता किल्ली दिलेलं त्यांचं मनगटी घड्याळ आता फळीवर बंद पडून असे. शेजारी म्हणत, आळस चढलाय. तो आळस नव्हता.

पुढे समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि सहकाऱ्यांचा 1933 साली छापलेला अभ्यास वाचला. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी बंद पडली होती. पुरुषांकडे वेळच वेळ, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं घटलं, चाल मंदावली आणि बहुतेकांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं! मला आण्णाच दिसले. काम पगाराबरोबर दिवसाला आकार देतं, चार माणसं भेटवतं, आपली कुणाला तरी गरज आहे ही जाणीव देतं. रविवारची सुट्टी गोड लागते ती त्यामुळेच. लादलेल्या रिकामपणात मात्र मन खचत जातं.

घरात कुणी असं गप्प बसलं असेल तर टोमणे मारू नका. त्यांना सोबत बाजारात न्या. गरज वाटली तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला.